वस्तीच्या लाइनचे दोन आटे

अण्णा, येत्या रविवारी आमच्या धायरीच्या सोसायटीत महापालिकेच्या निवडणुकीला उभे असलेले दोघे जण येणार आहेत, दोन पक्षांचे दोन, आणि त्यांच्यासमोर वाचायला म्हणून मी चार दिवस एक पान लिहिते आहे. पान होत नाही. मधोमध रेघ मारून दोन रकाने केले आहेत, डावीकडे एक पक्ष, उजवीकडे दुसरा, आणि खाली लिहायचं आहे की यांतल्या कोणाला कारभार जमतो. हे काम मला आमच्या अध्यक्षांनी दिलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सॉफ्टवेअर तपासता ना? मग हे दोघेही तपासा. पास की नापास, एवढंच सांगा. कारणं ऐकायला लोकांना वेळ नाही. आणि खाली वडिलांचा उल्लेख टाका, चाळीस वर्षं पाणीपुरवठ्यात होते म्हणून." मी म्हटलं, "तीस." तर म्हणाले, "चाळीस म्हणा हो. पाण्यात थोडं वर-खाली चालतं."

मी नाही म्हणाले नाही. ते आधीच सांगून टाकते. उलट बरं वाटलं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी टँकर. ए आणि बी अशा दोन इमारती आहेत, खालच्या टाकीतून पंपानं पाणी वर चढवायचं आणि दोन्हीकडचे व्हॉल्व्ह सोडायचे हे काम सकाळी ऑफिसला जाण्याआधी मीच करते, गेली दोन वर्षं. 'चावीवाल्याची मुलगी' म्हणून ते आपसूक माझ्याकडे आलं. लोक हे कौतुकानं म्हणतात आणि मी ते कौतुक घेते. आता त्याच नावावर पास-नापासही करायला सांगतायत. आणि हेच मी पूर्वी एकदा केलं होतं, तुमच्या वहीवरून, तुम्हाला न विचारता. म्हणून ते पान बाजूला ठेवून आज शुक्रवारी तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुमची ती इंग्रजी टी-सारखी लोखंडी चावी मला अजून तिच्या वजनासकट आठवते. सायकलच्या दांडीला सुतळीनं दोन ठिकाणी बांधलेली असायची. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला मागे बसवून कर्वेनगरला न्यायचात. रस्त्यातलं लोखंडी झाकण पहारीच्या टोकानं उचकटायचं, चावी आत उतरवायची, ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसल्याचा 'टक्' असा आवाज आला की दोन्ही हातांनी फिरवायला लागायचं. तुम्ही आटे, म्हणजे चावीचे फेरे, मोठ्यानं मोजता. मी तुमच्या मागून मोजते. पाण्याआधी हवा येते, नळ फुरफुरतात, आणि मग कुठल्यातरी बंगल्यातून आवाज येतो, "आलं हो!" एक जण नेहमी फाटकाशी उभे असत, हातात वर्तमानपत्र. पाच मिनिटं उशीर झाला की म्हणत, "काय हो, आपल्या घड्याळाला चावी द्यायची राहिली वाटतं?" तुम्ही खिशातून वही काढून वेळ लिहायचात.

ती वही. दर जानेवारीत दोन्ही पक्षांचे लोक डायऱ्या वाटायचे, ठेकेदार वाटायचे, महापालिका कामगारांच्या आपल्या वसाहतीत घरोघरी तीन-तीन डायऱ्या असायच्या. तुम्ही मात्र अप्पा बळवंत चौकात जाऊन स्वतःच्या पैशानं दोनशे पानी वही आणायचात. आई म्हणायची, "फुकटचं सोडून विकतचं कशाला?" तर तुम्ही म्हणालात, "त्या डायरीत पहिल्याच पानावर देणाऱ्याचा फोटो असतो. रोज सकाळी उठून त्याचं तोंड कशाला बघू?" वहीत पट्टीनं रकाने आखायचे. तारीख, सोडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, आटे. आणि शेवटी एक रुंद रकाना, वर लिहिलेलं 'कारण'. तो बहुतेक रिकामाच असायचा. मी विचारलं होतं, रिकामा ठेवायचा तर आखता कशाला? तुम्ही म्हणालात, "जागा असलेली बरी."

दोन पक्षांबद्दल तुम्ही घरात क्वचितच बोलायचात, पण 'सगळे सारखेच' हे वाक्य तुम्हाला सहन व्हायचं नाही. एकदा मामा जेवताना तसं म्हणाले, तेव्हा तुम्ही घास ताटात ठेवून म्हणालात, "सगळे सारखेच, असं म्हणणाऱ्याच्या घरात चोवीस तास पाणी असतं." आणि मग, बहुतेक त्या एकाच दिवशी, सविस्तर सांगितलंत. जे पुष्कळ वर्षं सत्तेत होते त्यांच्या राज्यात इंजिनिअर एका जागी टिकतो, नकाशे जागेवर सापडतात, फाइल गोगलगायीसारखी चालते पण चालते. ठेकेदार त्यांचेच. नगरसेवक चावीवाल्याशी बोलत नाही, मुख्य अभियंत्याशी बोलतो. त्यांच्या विरोधातले मधे अडीच-तीन वर्षं आले होते, तेव्हा नगरसेवक सकाळी सहाला स्वतः चेंबरवर हजर, बरोबर दोन कार्यकर्ते, "काका, अजून चार आटे जाऊ द्या." तक्रार त्याच दिवशी मिटते. पण इंजिनिअर वर्षात तीनदा बदलला, आणि पाइप जमिनीखालून कुठून कसा गेलाय हे सांगायला कोणी उरलं नाही. "ते बांधतात आणि सोडत नाहीत," तुम्ही म्हणालात, "हे सोडतात आणि बांधत नाहीत." तेव्हापासून आपल्या घरात दोन पक्षांची नावं तीच पडली, बांधणारे आणि सोडणारे. माझ्या आजच्या पानावर दोन रकान्यांना मी तीच नावं दिली आहेत. अध्यक्षांना ती कळणार नाहीत, मला मात्र दुसरी सुचत नाहीत.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बांधणाऱ्यांची सत्ता गेली आणि सोडणारे पुन्हा आले. त्याआधी, निवडणुकीच्या तोंडावर, बांधणाऱ्यांनी टेकडीच्या उतारावरच्या वस्तीपर्यंत नवी लाइन टाकली होती. तिथेच आत्याचं घर. तुमच्या थोरल्या बहिणीचं, पत्र्याचं, पुढे तुळशीऐवजी ओव्याचं झुडूप असलेलं. लाइनचं उद्घाटन झालं, विहाराच्या पटांगणात मंडप पडला, भाषणं झाली, पण व्हॉल्व्ह बंदच ठेवला. वरती टाकी बांधून झालेली नाही, तोवर वस्तीला पाणी सोडलं तर खालच्या बंगल्यांचं प्रेशर पडेल, असं कार्यालयाचं म्हणणं. त्या सुरुवातीच्या दिवसांत आत्या आपल्याकडे आली की पदरानं तोंड पुसत म्हणायची, "नारळ फोडला तेवढंच पाणी उडालं बघ. पाइप हाय, तोटी हाय, वरनं रंग बी दिलाय. पाणी तेवढं न्हाय." तुम्ही तिच्यासमोर चहा ठेवायचात.

आणि मग आमच्या कॉलेजची ती वक्तृत्व स्पर्धा आली. विषय, 'कारभार कोणाला जमतो?' बाकीची मुलं उदारीकरणावर बोलणार, परकीय भांडवलावर बोलणार, वर्तमानपत्रांतून उचललेलं बोलणार. माझ्याकडे मात्र असं काही होतं जे कोणाकडेच नव्हतं. तुम्ही दुपारी झोपला होतात. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून मी वही काढली आणि सत्ता बदलण्याआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने एका कागदावर उतरवून घेतले. आधी बंगल्यांच्या लाइनला जवळजवळ दोन तास पाणी, नंतर सव्वा तास. मी व्यासपीठावर उभी राहून म्हणाले की मी मत सांगत नाही, आकडे सांगते, आणि आकड्यांना पक्ष नसतो. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं. तेवढ्यावर थांबले असते तर, पण मी तेच लिहून एका वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पाठवलं, खाली आपलं आडनाव, आपल्या वसाहतीचा पत्ता. छापून आलं. दोन दिवसांनी महापालिकेच्या मुख्य सभेत बांधणाऱ्यांच्या एका नगरसेवकानं ते कात्रण हलवून दाखवलं, आणि सोडणाऱ्यांनी विचारलं, कार्यालयातल्या नोंदी बाहेर गेल्या कशा?

तो दिवस मला स्वयंपाकघरासकट आठवतो. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, कात्रण मांडीवर. आवाज चढलेला नाही. "वही माझी होती. विचारायचं होतंस."

"खोटं काय लिहिलं मी?"

"आकडे खरे आहेत."

"मग?"

"बंगल्यांचं पाणी कमी झालं, हे दिसलं तुला. ते गेलं कुठं, हे विचारलंस?"

मला खरंच सुचलंच नव्हतं. पाणी कमी झालं म्हणजे कारभार बिघडला, एवढाच माझा हिशोब. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. ते वस्तीला गेलं होतं हे मला चार दिवसांनी आत्याकडून कळलं. सोडणाऱ्यांनी आल्या आल्या आदेश काढला होता की टाकी होवो न होवो, वस्तीची लाइन सुरू करा, आठ आटे. आत्या मला हात धरून तोटीपाशी घेऊन गेली आणि तोटी उघडून दाखवली, सोन्याची वस्तू दाखवावी तशी. मी ज्याला नालायकी म्हणाले होते ते त्या तोटीतून वाहत होतं. अर्थात हेही पूर्ण खरं नाही. टाकी नव्हतीच, त्यामुळे बंगल्यांना धड पाणी नाही आणि वस्तीलाही उन्हाळ्यात करंगळीएवढी धार. दोघांना मिळून एक चांगला कारभार जमला असता, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, असं म्हणणं हाही निकाल देण्याचं टाळण्याचाच एक प्रकार.

तुम्हाला मेमो आला. वही सादर करा. तुम्ही लेखी दिलंत की वही हरवली. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, असं मी तुमच्याबद्दल सगळीकडे सांगते, आणि ही एकच सही त्याला अपवाद. तुम्हाला फेरीवरून काढून पंपिंग स्टेशनला पाठवलं. सायकलवरून गल्लीबोळ फिरणारा माणूस पुढची सगळी नोकरी चार भिंतींत बसून काटे वाचत राहिला, निवृत्त होईपर्यंत. मी इतकी वर्षं हेच मानत आले की तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी चोरून उतरवून घेतलेली वही माझ्याविरुद्ध पुरावा होऊ नये, माझ्या नावाची चौकशी होऊ नये, म्हणून. त्या ओझ्यानं मी तुमच्याशी कधी मोकळं बोलू शकले नाही. आणि खरं सांगायचं तर त्या ओझ्याचा थोडा अभिमानही होता. बापानं आपल्यासाठी खोटं बोलावं, हे कोणाला आवडत नाही?

मला आयटीत नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला तशीच दोनशे पानी वही आणून दिलीत, पट्टीनं रकाने आखून, शेवटचा रुंद. माझी रोजनिशी त्या वहीपासून सुरू झाली. पगार ऐकून आईनं देवळात पेढे वाटावेत तसे वसाहतीत पेढे वाटले. तुम्ही एकदा कंपनी बघायला आलात. जिथे उसाचे फड होते तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, पुढे मखमलीसारखी हिरवळ, तुषार उडतायत. हा सगळा भाग आम्हीच घडवला, असं दोन्ही पक्ष तेव्हा सांगत होते आणि आजही सांगतात. तुम्ही काचा बघितल्या नाहीत. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला विचारलंत, "इथं लाइन कुठून येते?" तो म्हणाला, "लाइन नाही काका, टँकर येतो." "आणि टँकर कुठं भरतो?" त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मला लाज वाटली होती, तुमची. माझे दोन सहकारी बाजूला उभे होते. हेही लिहून ठेवते.

माझ्या कामात पहिल्याच महिन्यात शिकवतात की दोन गोष्टींची तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. हे ऐकताना मला माझं ते भाषण आठवलं होतं आणि कान गरम झाले होते. पण तेव्हाही मला वाटलं होतं की चूक एवढीच, वस्ती मोजायची राहिली. खरी चूक मला मंगळवारी कळली.

तुम्ही गेल्यावर एकटी राहणाऱ्या आईचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती आमच्याकडे असते, ए विंगमध्ये चौथ्या मजल्यावर. तिच्याबरोबर तिची ट्रंक आली. मंगळवारी हे पान लिहिताना मी सहज म्हणाले, "अण्णांची ती वही असती तर." ती म्हणाली, "आहे की." आणि मला साड्यांखाली हात घालायला सांगितलं. अण्णा, वही जशीच्या तशी होती. पंचवीस वर्षं साड्यांखाली. मी पानं उलटली, माझे ते सहा-सहा महिने काढले, आणि या वेळी तपासणाऱ्याच्या नजरेनं बघितलं. 'कारण' रकान्याच्या कडेला निळ्या शाईचे ठिपके. मी तेव्हा ते डाग समजले होते, कागदावर उतरवताना सोडून दिले होते. पण डाग रोज एकाच जागी पडत नाहीत. आणि ते सत्ता बदलायच्या चार महिने आधीपासून सुरू होतात.

मी आईला विचारलं. ती मटार सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "ते वस्तीचे."

"वस्तीचे म्हणजे?"

"दोन आटे. रोज सकाळी बंगल्यांचं झालं की वर जाऊन वस्तीचा व्हॉल्व्ह दोन आटे उघडायचे आणि फेरी संपवून परतताना बंद करायचे. आदेश नव्हता. तुझ्या आत्याला दोन हंडे मिळायचे, तिच्या शेजारणींना एकेक."

"तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तुझं आपलं ठरलेलं होतं, अण्णा माझ्यासाठी खोटं बोलले म्हणून. छान दिसत होतीस तशी रडताना."

हे ती हसत म्हणाली, तिच्या पद्धतीनं. मी मात्र तेव्हापासून एका जागी बसलेली नाही. वही सादर केली असती तर ठिपके दिसले असते. विचारलं असतं, हे काय? तुमची नोकरी गेली असती आणि वस्तीवर चोरीच्या पाण्याचा डाग आला असता. म्हणजे ती सही माझ्यासाठी नव्हती, किंवा नुसती माझ्यासाठी नव्हती. माझ्याबद्दल तुम्ही किती टक्के विचार केलात, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला आणि तो विचारल्याची किळस आली.

आणि दुसरं. मी ज्यांना दोन पक्षांचे आकडे म्हणाले त्यांत तुमचा हात मिसळलेला होता. बांधणाऱ्यांच्या शेवटच्या चार महिन्यांत वस्तीला जे थोडं पाणी मिळालं ते बांधणाऱ्यांनी दिलंच नव्हतं, तुम्ही दिलं होतं. मग मी काय मोजलं? आणि आता धायरीत बसून मी जे मोजते आहे, त्यात कुठल्या चावीवाल्याचे किती आटे आहेत, हे मला कुठं माहीत आहे? पण हे असं म्हणून सोडून द्यायला लागलं की तुमचा मामांवरचा राग आठवतो. फरक आहे. वस्तीला दोन हंडे तुमच्यामुळे मिळाले, पण सगळ्या वस्तीला आठ आटे मिळायला सोडणारे निवडून यावे लागले, आणि ती टाकी शेवटी पुन्हा बांधणारे आल्यावरच झाली. तुमच्या दोन आट्यांनी त्यांच्यापैकी कोणाचंच काम केलं नाही. आणि मग तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. आत्या त्या वस्तीत राहत नसती, तर तुम्ही ते दोन आटे फिरवले असते? आपल्या माणसांच्या गल्लीत पाणी वळवणाऱ्या नगरसेवकाबद्दल तुम्ही काय बोलायचात ते मी ऐकलं आहे. पाणी न्याय्य होतं, हे मला पटतं. पण तुमच्या मनात न्याय होता की बहीण होती? वहीत तो रकाना तुम्ही रिकामा ठेवलात. ठिपका काढलात, कारण लिहिलं नाहीत.

इथवर शुक्रवारी लिहिलं. आज सोमवार.

काल पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बांधणाऱ्यांच्या उमेदवार बाई आधी आल्या, स्थापत्य शिकलेल्या, हातात नकाशाची गुंडाळी. आमच्या भागाची लाइन, टाकीची जागा, सगळं रंगवून दाखवलं. खरं होतं, मी ताडून बघितलं होतं. मग सोडणाऱ्यांचे गृहस्थ आले. त्यांनी नकाशाकडे बघून हात जोडले, खिशातून फोन काढला, सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि म्हणाले, "साहेब, धायरीत आपल्या लोकांकडे एक टँकर पाठवा. आत्ता." अण्णा, चहा संपायच्या आत टँकर फाटकात. टाळ्या. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "हे पास!"

मी उभी राहिले. पानावर तुमचा उल्लेख नव्हता, मी तो खोडला होता, तीस वर्षं आणि चाळीस वर्षं दोन्ही. निकालही नव्हता. मी बाईंना विचारलं, ही लाइन गेल्या निवडणुकीच्या आधीच्या नकाशावरही होती, जमिनीत पाइपही आहे, मग सोडलेली का नाही? त्या म्हणाल्या, "ती तांत्रिक बाब आहे." गृहस्थांना विचारलं, हा टँकर आत्ता इथं आला, तर तो जाणार कुठं होता? ते हसले. "ताई, आलाय ना? मग भरून घ्या की!" सगळे हसले. पण फाटकाशी उभ्या असलेल्या टँकरच्या ड्रायव्हरनं आपणहून उत्तर दिलं, "वरच्या वाडीला जायचा होता." मग सगळे टँकरकडे बघायला लागले. मला वाटलं, जमलं. तुमचा प्रश्न मी शेवटी योग्य माणसाला, योग्य ठिकाणी विचारला. बसताना माझी मान ताठ होती, हे मला आठवतं.

तेवढ्यात मागून बी विंगमधल्या एक बाई उठल्या. दोन लहान मुलं आहेत त्यांना, एक कडेवर होतं. म्हणाल्या, "मॅडम, माझाही एक प्रश्न आहे, पण तो तुम्हाला. आमच्या बी विंगचं पाणी रोज ए विंगच्या आधी का संपतं?"

दोन्ही उमेदवार माझ्याकडे वळून बघायला लागले. मी म्हणाले, "प्रेशरचा प्रश्न आहे."

अध्यक्ष ओरडले, "तांत्रिक बाब!" आणि केवढा हशा झाला. त्या बाईही हसल्या. बसल्या.

ए विंगचा व्हॉल्व्ह मी बी विंगपेक्षा तीन आटे जास्त उघडते, अण्णा. आई आली त्या आठवड्यापासून. तिला सकाळी गरम पाण्यानं गुडघा शेकायचा असतो, मधेच पाणी गेलं तर तिला उठून बादलीपाशी जाता येत नाही, म्हणून. एका आठवड्यापुरतं, असं मी ठरवलं होतं. आता दीड वर्ष झालं. आई काठी टेकत खाली बागेत जाऊन येते. तीन आटे तसेच राहिले. माझ्या रोजनिशीत, जिच्यात मी कोणाशी किती कठोर बोलले ते रोज लिहिते, त्याबद्दल एक ओळ नाही. तुमच्या मनात न्याय होता की बहीण, असं शुक्रवारी विचारणारी ती मीच. तुम्ही तहानलेल्यांना दिलंत, मी ज्यांच्याकडे आहे त्यांनाच जास्त दिलं, हा फरक मला कळतो. तो स्वतःच्या सोयीसाठी मी पुसणार नाही.

आज सकाळी खाली गेले आणि दोन्हीकडचे आटे मोजून सारखे केले. बी विंगच्या बाई भाजी घेऊन समोरून चालल्या होत्या, म्हणाल्या, "आज लवकर मॅडम?" मी म्हटलं, "हो, ऑफिसला घाई आहे." त्यांना काही सांगितलं नाही. अध्यक्षांना सांगितलं नाही, आईलाही नाही. हे पत्र मी तुमच्या वहीत घडी करून ठेवते आहे, ट्रंकेत, साड्यांखाली, जिथून ते कुठे जाणार नाही. रोजनिशी मात्र आज सकाळी उघडली होती, तारीख घातली होती, शेवटच्या रकान्यापाशी पेन नेलं होतं.

तुम्ही निदान ठिपका काढला होतात. मी तोही न काढता वही मिटली.